सुदाम, मी खरंच हरत होतो

सुदाम, तू गेल्याला आज नववा दिवस. रोज दोन-चार माणसं माझ्याकडे येतात. आधी तुझ्या घरी जाऊन तुझ्या बायकोला, कौसल्येला भेटतात आणि परतताना वाट वाकडी करून माझ्या ओट्यावर टेकतात. चहा होतो. मग कोणीतरी म्हणतं, "गनपतराव, त्या बिचाऱ्यासाठी तुमी खूप केलं बाप्पा." दुसरा मान हलवतो, "कोन करते एवढं? खुर्चीतल्या मानसाचं मन राखासाठी जनमभर हरत राह्यला हा." मी बशीत चहा ओततो आणि खाली बघतो. खाली बघितलं की त्यांना ते आणखीच पटतं.

तुझ्यासमोर बसून जे बोलायला हवं होतं ते आता कागदावर उतरवतो आहे. तू होतास तेव्हा घर दहा मिनिटांवर होतं. रोज सकाळी मी तुझ्या अंगणात येत होतो. वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही. धीर नव्हता, एवढंच.

आपण भेटलो तिरोडीला, मॅंगनीजच्या वॅगनी भरताना. तू अठराचा, मी एकोणीसचा. त्याच साली तुझ्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि त्याच साली नागपूर तिकडच्या राज्यात गेलं नि आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो. तू दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायचास, "आमी तिकडून नवे होऊन आलो, तं घरच दुसऱ्या राज्यात." मी राजेगावचा, कास्तकाराच्या घरचा. आमच्या गावात तुझ्या वस्तीतल्या माणसाबरोबर कोणी आखाड्यात उतरत नसे. खाणीवर मात्र सगळेच सारखे काळे. पाळी सुटली की रुळांच्या बाजूला आपण फरी-गदका खेळायचो. एका हातात कातडं मढवलेली छडी, दुसऱ्या हातात चामड्याची लहानशी ढाल. छडीच्या टोकाला तू मॅंगनीजची भुकटी चोळायचास, म्हणजे समोरच्याच्या बनियनवर ठिपका उमटे आणि वाद राहत नसे. ती युक्ती तुझीच.

तरी वाद झालाच नसता म्हणा. आपल्याकडच्या आखाड्याची रीतच तशी. पंच नसतो. ज्याला छडी लागली त्यानंच मोठ्यानं म्हणायचं, "लागला!" मारणाऱ्यानं बोलायचं नाही, बघणाऱ्यांनी बोलायचं नाही. लागलेला माणूस गप्प बसला तर त्याला पुन्हा कोणी आखाड्यात घेत नाही. पाच वेळा म्हटलं की हरला. लहानपणापासून आपण हेच शिकलो होतो. सगळा खेळ हरणाऱ्याच्या जिभेवर आहे हे मात्र मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी त्याचा जो उपयोग केला त्यासाठी हे लिहितो आहे.

बैहरच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, जाताना आपला ट्रक घाटात उलटला. मी झुडपात पडलो, तू दगडावर. मला कोपराला खरचटलं. तुझे पाय कमरेपासून गेले. खाणीतलं काम संपलं, तू बालाघाटला आलास आणि घरी बसून विड्या वळायला लागलास. मीही काही महिन्यांत तिकडची मजुरी सोडून इथं आलो. पहिलं दीड वर्ष तू माझ्याशी धड बोलला नाहीस. मी यायचो, कौसल्या चहा द्यायची, तू तेंदूपत्त्याच्या सुपावर मान घालून बसायचास. तंबाखू भरायची, पान गुंडाळायचं, दोरा, नखानं तोंड दाबायचं. तुझी बोटं इतक्या वेगानं चालत की माझी नजर पुरत नसे. मग तिरोडीच्या एका फिटरनं तुला सायकलच्या चाकांची खुर्ची करून दिली. दुसऱ्याच सकाळी तू मला म्हणालास,

"गदके कुठी हायेत बे?"

"घरी. काहून?"

"आन. अन् येताना कोनाची खुर्ची घेऊन ये. तुले बसा लागते."

मला वाटलं, थट्टा. पण तू सगळं ठरवून ठेवलं होतंस. तुझ्या चाकांखाली लाकडी ठोकळे. माझे पाय गमछ्यानं खुर्चीच्या पायांना बांधायचे, म्हणजे मला उठता येऊ नये. दोन खुर्च्यांमधलं अंतर ज्याचा हात आखूड त्याच्या हिशोबानं. हात तुझा आखूड होता. तरी तू म्हणालास, "तुह्या हाताच्या मापानं ठेव. मंग कोनी म्हनाले नोको का सूट भेटली." हे वाक्य तू खेळ सुरू होण्याआधीच बोललास, सुदाम. लोक काय म्हणतील ते तुला पहिल्याच सकाळी माहीत होतं. मला मात्र तेव्हा ते फारसं काही वाटलं नाही.

त्या सकाळी मी पाच-एकनं हरलो. तो एकही तुझ्या चाकाखालचा ठोकळा सरकला म्हणून मिळाला. मी गदक्याचा नावाजलेला गडी, आणि मला कळेना काय चाललंय. कारण मी आयुष्यभर पायांनी खेळलो होतो. मागं सरायचं, बगल द्यायची, पुढं झेप घ्यायची. पाय बांधल्यावर मी अर्धा उरलो. तू मात्र दीड वर्ष मनगटानं जगत होतास. तू एका बाजूला इतका झुकायचास की वाटे, पडला आता. माझी नजर तिकडं जाई आणि छडी माझ्या ढालीच्या खालून डाव्या खांद्यावर येई. कौसल्या दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. "भाऊ, धुवून देऊ का बनियन?" म्हणाली. बनियनच्या डाव्या खांद्यावर पाच काळे ठिपके होते. तूही हसलास. अपघातानंतर तुला पहिल्यांदा हसताना बघितलं आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्यात काही लबाडी नव्हती.

लबाडी लोकांसमोर सुरू झाली. तुझ्या वस्तीच्या जयंतीच्या मिरवणुकीत आपण पहिल्यांदा खेळलो. पाच-दोन. तिथं कोणी शंका घेतली नाही, लोकांनी तुला खुर्चीसकट उचललं. मग मंडयांची बोलावणी आली. वाराशिवनी, लांजी, किरनापूर. दिवाळीनंतरचे ते दिवस आठवतात तुला? बसच्या टपावर खुर्ची बांधायची, कंडक्टरची बोलणी खायची, मैदानात पोचल्यावर पोरंसोरं चाकांना हात लावून बघायची. तू प्रत्येक गावात आधी जमीन बघायचास. सपाट नसेल तर कुदळ मागायचास. काही गावांत मी जिंकलो, पण बोटांवर मोजण्याइतकंच. बाकी सगळीकडे तू. आणि प्रत्येक ठिकाणी मला कोपऱ्यात घेऊन कोणीतरी विचारायचंच, "खरं सांग ना गड्या, हरून देते ना त्याले?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "नाही हो." पुढच्या गावी म्हणालो, "छे." त्याच्या पुढच्या गावी नुसता हसलो. हसलो की समोरच्या माणसाचा चेहरा बदलायचा. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे यायचं ते मला आवडायला लागलं. पाय धड असलेला माणूस खुर्चीतल्या माणसाकडून हरतो यात लाज होती. पण पाय धड असलेला माणूस खुर्चीतल्या मित्राला जिंकू देतो, यात मान होता. एका हसण्यानं लाजेचा मान होत होता. कोण सोडेल?

मग माझं "लागला" बदललं. तुझ्या लक्षात आलंच असणार. आधी मी ते चटका बसल्यासारखं ओरडायचो. आता मी ते सावकाश, मान थोडी कलती करून, घरातल्या लहान पोराशी खेळताना म्हणतात तसं म्हणायला लागलो. शब्द तोच, रीत पाळलेली, खोटं काहीच नाही. आणि बघणारी माणसं हळहळत टाळ्या वाजवत.

राजेगावला आपण खेळलो तेव्हा माझे काका आले होते. तू पाच-शून्यनं जिंकलास. त्या दिवशी तू जसा खेळलास तसं मी कोणालाच खेळताना बघितलं नाही. संपल्यावर काकांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. त्यांना तुझे पाय दिसत नव्हते, तुझी वस्ती दिसत होती. "त्याच्याकडून हरला तू? आपल्या गावात?" मी म्हणालो, "काका, त्याचं मन राखा लागते ना." काकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मीही सुटलो. तुझ्या जातीच्या माणसाकडून हरल्याची लाज मला वाटत होती, हे मी आजवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. तुझ्या घरात जेवत होतो, कौसल्येच्या हातचं मागून खात होतो, आणि आत हे होतं. ज्या माणसानं मला जिवाभावाचं मानलं त्याच्याबद्दल हे होतं. लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

आणि मग तो भोपाळचा साहेब आला. आपल्या जिल्ह्यातून देशी खेळांचे दोन गडी राजधानीत न्यायचे होते, मोठ्या मैदानात, बाहेरच्या राज्यांतले लोक बघायला येणार होते. तू महिनाभर तयारी केलीस. विड्यांचा वेळ सोडला तर दिवसभर मनगट फिरवत असायचास. कौसल्येनं तुझ्या खुर्चीला नवं कापड शिवलं. साहेबानं आपला खेळ पूर्ण बघितला, टक लावून. पाच-तीन, तू. त्याला तू आवडला होतास, मी बघत होतो ना त्याचं तोंड. त्यानं वही काढली, आणि लिहायच्या आधी मला विचारलं,

"सच-सच बताइए, आप हारते हैं या उन्हें जीतने देते हैं?"

तू तीन हातांवर होतास. छडी मांडीवर, श्वास अजून बसला नव्हता. तू माझ्याकडे बघितलंस. एक "हारता हूँ साहब" म्हणायचं होतं. तीन शब्द. मैदानाभोवती बालाघाटातली सगळी ओळखीची माणसं उभी होती, शाळेचे मास्तर, जंगलखात्याच्या लाकूड डेपोतले रेंजर, आखाड्यातले वडीलधारे. मी हसलो. मान कलती केली.

"अब क्या बताऊँ साहब. दोस्त है अपना."

साहेबानं वही मिटली. वाईट नव्हता तो. तुझ्याजवळ जाऊन वाकून म्हणाला, "आपका हौसला बहुत बड़ा है. मगर हमें असली मुकाबला ले जाना है." मग माझ्याकडे वळून म्हणाला, उभ्यानं खेळणारा दुसरा जोडीदार मिळाला तर तुम्ही याल का. आणि सुदाम, मी गेलो. कोणीतरी जायलाच हवं, जिल्ह्याचं नाव आहे, नाही म्हटलं तर बरं दिसत नाही, असं काय काय स्वतःला सांगितलं आणि गेलो. तिथं लोकांनी फार लक्षही दिलं नाही. आमच्यासारख्या वीस जोड्या होत्या. खुर्चीतला एकही नव्हता.

परत आल्यावर तीन दिवस तुझ्याकडे आलो नाही. चौथ्या दिवशी आलो तर तू विड्या वळत होतास. वर न बघता म्हणालास, "कसं हाय भोपाल?"

"मोठा तलाव हाय."

"हौ, आयकलं."

कौसल्या चहा ठेवून आत गेली. माझ्याकडे न बघता. तू हातातली विडी दोरा बांधून पुरी केलीस, मग विचारलंस, "गनू, तू असं काहून बोलला?"

मी म्हणालो, "काय बोललो? दोस्त हाय तर दोस्तच म्हनलो ना."

"मले सांग. एकदा तरी हरून देल्लं तू मले?"

"नाही."

"आईची आन?"

"आईची आन."

"मंग हे मले सांगून काय फायदा बे? मले तं मालूम हाय. त्याईले सांग." त्याईले म्हणजे सगळ्यांना. मी म्हणालो, सांगतो, पुढच्या मंडईत सांगतो, सगळ्यांसमोर. तू म्हणालास, "बरं." आणि सूप पुढं ओढलंस. आपलं भांडण एवढंच झालं. तू मला शिवी दिली असतीस, छडी डोक्यात घातली असतीस तर मी कदाचित त्याच रागात जाऊन सांगितलंही असतं. तू "बरं" म्हणालास आणि वाट बघत बसलास.

पुढच्या मंडईत मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन वर्षं तू वाट बघितलीस. मग तुला बोलावणी आली की तू म्हणायचास, "तब्येत बरी नाई," आणि लोक म्हणायचे, बरोबर आहे, खुर्चीतला माणूस किती दिवस करणार. मिरवणुकीतही तू यायचास ते नुसतं बघायला. अंगणात मात्र रोज सकाळी खेळत राहिलास माझ्याशी. ते का बंद केलं नाहीस हे मला कधी कळलं नाही. माझ्यावर दया करत होतास की खेळायला दुसरं कोणी नव्हतं? कदाचित तुला तेवढाच एक माणूस हवा होता ज्याला खरं माहीत आहे. त्या अंगणात माझं "लागला" पुन्हा पहिल्यासारखं निघायचं. तिथं बघायला कोणी नव्हतं.

आणि मला काय काय मिळालं त्या हसण्यातून, ऐक. डेपोतली हिशोब लिहिणाऱ्या मुनशीची नोकरी मला रेंजरसाहेबांनी दिली ती "ऐसा दिलवाला आदमी चाहिए" म्हणून. आखाड्याचा प्रमुख मला केलं, एकमतानं. माझ्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा व्याही म्हणाले, आम्ही तुमच्याबद्दल ऐकून आहोत. त्या लग्नात तू खुर्चीत बसून पंगतीवर लक्ष ठेवलंस, वरणात मीठ कमी आहे म्हणून आचाऱ्याशी भांडलास, माझ्या बायकोच्या दुखण्यात कौसल्या आठ दिवस आमच्या चुलीपाशी होती. या सगळ्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानायला गेलो असतो तर दुसरंही बोलावं लागलं असतं.

शेवटच्या आठवड्यात खुर्चीत बसून बसून झालेली तुझ्या पाठीची जखम चिघळली, ताप उतरेना. दवाखान्यात मी तुझ्या खाटेशी बसायचो. रोज ठरवून यायचो की आज माफी मागायची. एका दुपारी तू डोळे उघडलेस, मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता तूच विषय काढणार. तू म्हणालास, "गनू, तुहा डावा खांदा अजून उघडा राह्यते. कित्ती साल झाले सांगून राह्यलो." मी म्हणालो, "हौ." एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू कोणाला ओळखलं नाहीस.

परवा वस्तीत तुझ्यासाठी सभा झाली. वंदना झाली, तुझ्या फोटोला फुलं वाहिली. बाहेरूनही पुष्कळ लोक आले होते. मास्तर बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत तुझ्यावरून माझ्यावर आले. म्हणाले, मित्र कसा असावा तर या गणपतरावांसारखा, मैदानात हजारदा हरला पण मित्राचं मन मोडू दिलं नाही. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. मी उभा राहिलो. म्हणालो,

"हे खोटं हाय. मी एकदाही हरून देल्लं नाई. तो माह्याहून चांगला होता. मी खरंच हरत होतो. हे मी त्याच वेळी सांगाले पायजे होतं. मी सांगतलं नाई, म्हनून त्याचं भोपाल गेलं."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पाहा," ते लोकांना म्हणाले, "आजही. तो गेल्यावरही हा मानूस त्याचा मान राखून राह्यला." कोणीतरी टाळी वाजवली, सभेत वाजवू नये हे विसरून, आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मी ओरडलो, "अरे आयका ना! शपथ घेतो!" बायका रडायला लागल्या. ज्येष्ठांपैकी एकानं येऊन मला मिठी मारली. मी त्याला ढकलत होतो आणि तो अजून घट्ट धरत होता.

कौसल्या उठून माझ्यापाशी आली. तिनं मला त्या मिठीतून सोडवलं, हाताला धरून खाली बसवलं आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"भाऊ, बस झालं. तुमी जेवढं बोलान तेवढे तुमी मोठे होता, अन् हे लहान होतेत. आता चूप राहा."

मी चूप राहिलो.